बाळकुमची भिशीवाली

ॲल्युमिनियमचा डबा दोन्ही हातांनी हलवायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "देव देतो बाय, मी न्हाय." मग एक चिठ्ठी काढायची. जिचं नाव निघेल, तिला त्या महिन्याची सगळी भिशी.

ऐंशीच्या दशकात ठाण्याजवळच्या आमच्या बाळकुमात इमारती कमी आणि मासळीच्या पाट्या जास्त. ही मासळी विकणारी कोळीण, वीस जणींची भिशी चालवायची. तुमच्याही आळीत असेल अशी कुणी, घरोघरचं दुखणंखुपणं ठाऊक असलेली. मी पतपेढीत कारकून. पापलेट मागितलं की "मास्तर, पगार वाढला काय?" असं चारचौघींत विचारायची.

कल्याणकडे दोन भिशीवाले लोकांचे पैसे घेऊन पळाले आणि वरून नवे नियम आले. भिशीची नोंदणी हवी, पैसे पतपेढीत हवेत, सोडतीनंतर सगळ्या चिठ्ठ्या उघडून दाखवायच्या. मीच तिला पटवलं. बायकांचा पैसा बुडू नये, असं मला खरंच वाटायचं. तिनं पाटीतली मासळी पुन्हा एकदा लावली आणि मग हो म्हणाली.

पतपेढीतली पहिलीच सोडत. भिशीतल्या गोमतीचा नवरा सिव्हिलमध्ये होता. सोमवारी ऑपरेशन, सामान बाहेरून आणायचं. भिशी लागली तरच ते होणार, हे मलाही माहीत होतं.

गोमतीचीच चिठ्ठी निघाली. मला इतका आनंद झाला की त्या भरात उरलेल्या उघडायला घेतल्या. तिनं माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे मास्तर." मला वाटलं, बाई नियमाला बिचकली.

दुसरी चिठ्ठी, गोमती. तिसरी, गोमती. सगळ्या गोमतीच्या.

मी मान वर केली. एकाही बाईला नवल वाटलेलं नव्हतं. जिची नड, तिचंच नाव, हे त्यांना वर्षानुवर्षं ठाऊक होतं. कुणाला हात पसरावा लागू नये म्हणून फक्त तो डबा. "लिवू नको," ती म्हणाली.

मी लिहिलं. सोडत रद्द, वरून मंजुरी येईपर्यंत पैसे पतपेढीत. मंजुरी तीन आठवड्यांनी आली. गोमतीच्या नवऱ्याचं त्याआधीच आटोपलं होतं.

वाईट वाटलं का? खरं सांगतो, काहीच वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर गेलो. ते वाटायचं अजून राहिलंच आहे.

तिनं भिशी बंद केली. मासळी मात्र मला देत राहिली, नीट, ताजी. पगाराचं पुन्हा विचारलं नाही.

चार-पाच वर्षांनी ती गेली, तेव्हा तिच्या दारी गेलेलो. बायकांनी ओट्यावर सरकून जागा दिली. शेजारच्या घरून गोमती चहा घेऊन आली, मोकळ्या कपाळानं. माझ्यापुढे कप धरला.

"घ्या मास्तर, निवंल."

मी प्यायलो.