मिलिंददादा आणि थांबली की बंद पडणारी गाडी

माझा भाऊ अत्यंत वैताग आणणारा माणूस होता.
काल दुपारी तो गेला.

मिलिंददादा. टेलिफोन ऑफिसातला. अंबरनाथला आमच्या शेजारी राहिलेल्यांना तो आठवेल तो बॉनेटमध्ये डोकं घातलेला. चेहरा नाही आठवणार कदाचित, पाठ आठवेल.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आईला दमा. रिक्षात धूळ-धूर लागला की बेजार व्हायची. म्हणून दादाने उल्हासनगरहून एक जुनी पांढरी गाडी आणली. स्टिअरिंगला गिअर, पुढे सोफ्यासारखी सलग सीट. आमच्या बिल्डिंगमधली पहिली कार!

चालताना एकदम मस्त. थांबली की नाटकं.

ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन आपोआप चढायचं, मग उतरायचं, परत चढायचं. घूंऽऽ... घुर्र... घूंऽऽ... आणि फस्स. बंद.

मी तेव्हा बदलापूरला शाळेत शिकवायचे. आठवडाभर पोरांवर ओरडायचं आणि रविवारी गाडीत बसून भावाचं ओरडणं ऐकायचं.

"रेस दे."
दिली.
"सोड."
सोडली.
"एवढी पटकन नाही गं!"
"मग किती पटकन?"
"तुला इंजिन ऐकू येत नाही का?"
"तुझा आवाज थांबला तर येईल ना!"

दादाने प्लग बदलले. पॉइंट बदलले. कार्बोरेटर खोलून पेट्रोल सोडणारा बारीक जेट साफ केला, परत बसवला. नट असे करकचून आवळायचा की कपाळावरची शीर दिसायची.
जरा वेळ बरं वाटायचं. इंजिन गरम झालं की पुन्हा तेच. उलट दर वेळी थोडं जास्तच.

उल्हासनगरच्या गॅरेजवाल्या सिंधी काकांनीही हात टेकले. "साईं, पुराना माल है. कारबोरेटर नया डालो, नहीं तो बेच डालो."

गाडीत बसल्यावर दादा म्हणाला, "त्याला काय कळतंय?"
मी म्हटलं, "तुला तरी काय कळतंय?"
घरी पोचल्या पोचल्या त्याने पुन्हा बॉनेट उघडलं.

मग चामटोलीला मामाकडे बारसं होतं. जेवण चुलीवर, सगळीकडे धूर. आईला जोरात दमा लागला. पंप मारला, काही फरक नाही. ओठ निळे पडायला लागले.

मामा म्हणाला, "आता हितं थांबू नको. सरळ उल्हासनगरचं हॉस्पिटल गाठ."

आई मागे, मामीला टेकून. मी पुढे.
आणि बदलापूरचं रेल्वे फाटक बंद.

थांबलो. घूंऽऽ... घुर्र... फस्स.
दादाने स्टार्टर मारला. चालू झाली. परत बंद. परत मारला. बॅटरी उतरत चालली होती, स्टार्टरचा आवाज जड झाला. मागे आई सीटची कड धरून एकेक श्वास ओढत होती. दादा स्टिअरिंगवर बुक्के मारत होता.

पुढच्या वेळी इंजिन लागलं तसा मी चोकच्या दांडीला हात घातला, सकाळी थंड इंजिन चालू करताना ओढायची ती.

"चोकला हात लावू नकोस! इंजिन गरम आहे, ओव्हरफ्लो होईल!"
"दादा, आई मरतेय!"

मी चोक अर्धा ओढला. इंजिन अडखळलं आणि टिकलं. एका सुरात चालायला लागलं.

दादाने माझ्या हाताकडे बघितलं. "धरून ठेव," एवढंच म्हणाला.

फाटक उघडलं. उल्हासनगरपर्यंत गाडी थांबली की मी चोक ओढायचे, निघाली की सोडायचे. तेवढ्या रस्त्यात तो एकदाही ओरडला नाही.

आईला ऑक्सिजन लावला. आम्ही बाहेर बाकावर. आणि हा माणूस मला विचारतो, "सुनीता, चोक ओढल्यावर का टिकली असेल?"

मला त्याला मारावंसं वाटलं.

"चोक हवा कमी करतो. जेट तर साफ आहे. म्हणजे पेट्रोल कमी पडत नाहीये, कुठूनतरी हवा जास्त घुसतेय."
"दादा, आई आत आहे."
"माहितीये मला!" त्याचा आवाज फाटला. "त्या फाटकात तिला काही झालं असतं तर... गाडी मी आणली ना..."


दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने इंजिन चालू ठेवून कार्बोरेटरच्या बुडाशी, जोडावर, थोडं ऑइल सोडलं. ऑइल आत ओढलं गेलं, फट बुजली आणि क्षणभर इंजिन एका सुरात. मग पुन्हा घूंऽऽ, घुर्र.

"इथूनच!"

कार्बोरेटर काढून त्याने आरशाच्या काचेवर ठेवला. लंगड्या पाटासारखा डुगडुगत होता. कोपऱ्याखालून कागद आरपार जात होता. नट आवळून आवळून खालची पट्टी वाकली होती.

आवळले कोणी, हे मी विचारलं नाही.
तोच म्हणाला, "मीच."

काचेवर पॉलिश पेपर ठेवून तो दुपारपर्यंत घासत बसला. नवं पॅकिंग टाकलं. नट हलक्या हाताने लावले. इंजिन सुरू केलं. थरथर नाही, चढ-उतार नाही. मग नुसता चालू-बंद, चालू-बंद. शेवटी मीच ओरडले, "सगळं पेट्रोल इथेच जाळ आता!"

हॉस्पिटलमध्ये जाऊन त्याने आईला सांगितलं, "आई, गाडी मीच बिघडवली होती."
आई म्हणाली, "आता झाली ना नीट? मग मला घरी ने."

त्याच गाडीतून नेलं तिला. त्यानंतर बरीच वर्षं ती त्या गाडीत पुढच्या सीटवर ऐटीत बसून फिरली.

आणि हाच माणूस. गेला महिनाभर छातीत दुखत होतं. वहिनीला सांगितलं नाही, मला नाही. स्वतःच ठरवलं, ॲसिडिटी आहे. डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या होत्या, केल्या नाहीत. "त्यांना काय कळतंय" असंच म्हणाला असणार.

एक फोन केला असतास तर काय झालं असतं रे?

राग आहे माझा. एवढ्यात जाणार नाही तो.

अंत्यविधी आज संध्याकाळी, अंबरनाथलाच. ज्यांना जमेल त्यांनी या.

दादा, तुला शेवटचा जय भीम.