बाळ्याचं बाळंतपण

कामशेतच्या आमच्या गुरांच्या दवाखान्यात किस्से शोधावे लागत नाहीत, सकाळी शटर वर केलं की आपोआप आत येतात. सतरा वर्षं मी इथं कंपाउंडर आहे. लोक ऐकून हसतात, पण प्रत्येक किश्श्यात मी घाबरलेलोच असतो! आणि बाळ्याच्या वेळी जेवढा घाबरलो, तेवढा बायकोच्या बाळंतपणातही घाबरलो नव्हतो.

बाळ्या म्हणजे आमचं कासव. खंडाळ्याच्या एका बंगलेवाल्यांनी "दोन दिवस सांभाळा" म्हणून टबासकट आणून ठेवलं, ते सहा वर्षं झाली न्यायला आलेच नाहीत. रोज माझ्या हातून पालक खाणारा बाळ्या, एकदम खायचा बंद झाला. दिवसभर मागच्या पायांनी टब खरवडत बसायचा.

झाडलोट करणाऱ्या हौसामावशी वाकून म्हणाल्या, "ह्याला दिवस गेल्यात."

"मावशी, तो नर आहे!"

"तुमी बघितलंय का?"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, मी डॉक्टरांकडं. सहा वर्षांत कुणीच बघितलं नव्हतं!

*

आमचे डॉक्टर म्हणजे अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून रेडकू काढणारा माणूस. त्यांनी बाळ्याच्या पायाजवळ बोटानं चाचपलं आणि मटकन खुर्चीत बसले.

"अंडी आहेत रे! इथं मी हात कुठं घालू?"

पुण्यातल्या कासवांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "ओलसर, भुसभुशीत माती द्या. एक जरी अंडं आत अडकलं तर जीव जाईल."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "पण डॉक्टर, नराशिवाय अंडी?"

"कोंबडी नाही का घालत? तसंच!"

मावशी झाडू थांबवून ऐकत होत्या.

*

मोठ्या टबात माती भरली. पण बाळ्या हलेचना. डॉक्टर, मी आणि म्हैस दाखवायला आलेले एक आबा, तिघं वाकून बघत उभे. डॉक्टर विनवतायत, "घाल की गं बाई!"

मावशी कडाडल्या, "बाळंतिणीपुढं एवढं बाप्ये हुबे ऱ्हात्यात व्हय? चला भाईर!"

दार लावून घेतलं. आम्ही अंगणात म्हशीजवळ. आत काय चाललंय कळेना. मी तर मनातल्या मनात नवस बोलून टाकला. तासाभरानं दारातून मावशींचं फक्त डोकं बाहेर आलं, "सुरू झालंय! पन आत यायचं न्हाई."

डॉक्टरांनी कपाळावरचा घाम पुसला. आबा म्हणाले, "आता माजी म्हस कोन बघनार हाय का?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो तर मावशी आधीच हजर. कोपऱ्यात भाताचा पेंढा, त्यावर कोंबड्या झाकायचं डालगं पालथं.

"मावशी, हे काय?"

"अंड्यांवर खुडूक बसवलीया. डाक्टरच म्हणलं न्हवं, कोंबडीवानी?"

डालगं उचललं. खाली तीन अंडी शाबूत. बाकी नुसती टरफलं, चिकट पेंढा आणि बाळ्याच्या तोंडाला बलक! किती घातली, किती फुटली, किती खाल्ली, कुणालाच पत्ता नाही. मातीतून काढताना मावशींनी मोजलीच नव्हती.

आत एखादं राहिलं असेल तर? मी पालक पुढं केला. बाळ्यानं तोंड फिरवलं.

मावशी भिंतीला टेकून बसल्या. "माज्या हातनं जीव गेला तर ओ?" मलाच रडू येत होतं.

*

लोणावळ्यात माणसांचे एक्स-रे काढणारा एकजण डॉक्टरांच्या ओळखीचा. बाळ्याला टॉवेलात गुंडाळून मावशींनी गाडीत मांडीवर घेतलं.

एक्स-रेवाल्यानं फॉर्म पुढं ओढला. "पेशंटचं नाव?"

"बाळ्या."

"स्त्री की पुरुष?"

"कालपासून स्त्री," डॉक्टर म्हणाले.

बाळ्याला टेबलावर ठेवलं, आम्हाला काचेमागं उभं केलं. आणि रोजच्या सवयीनं तो ओरडला, "श्वास रोखून धरा!"

काचेमागं आम्ही तिघांनी श्वास रोखला.

मशीन वाजलं. तो स्क्रीन बघत बसला. मोठं करून बघितलं, पुन्हा बघितलं. डॉक्टरांची तिकडं बघायची हिंमत होईना. मावशींचा चेहरा लालबुंद झाला होता.

शेवटी तो वळला. आमच्याकडं बघून दचकलाच. "अहो, रिकामी आहे ती! सोडा आता श्वास!"

मावशींनी सोडला, मी सोडला. डॉक्टरांचा मात्र हुंदकाच बाहेर आला.