आईसाठी बांधलेलं टाकं

सिंदेवाहीचं आमचं घर विकायला काढलं, तेव्हा बघायला येणारा प्रत्येक जण आधी मागच्या अंगणात जायचा. पोहायचं टाकं असलेलं दुसरं घर आसपास नव्हतं.

ते टाकं बाबांनी आईसाठी बांधलं. दोघं एकदा कोकणात फिरायला गेले होते. बाबा लहानपणापासून गावच्या बोडीत, म्हणजे तळ्यात, डुंबलेले, ते सरळ समुद्रात छातीभर पाण्यात गेले. आई साडी घोट्याच्या वर धरून काठावरच उभी. परतताना ती म्हणाली, "पाण्याची मले लय हौस आहे, पण भेव लागते."

घरी आल्यावर बाबांनी वांग्यांच्या वाफ्यात खोदकाम सुरू केलं. शेजारच्या भाऊंनी कुंपणावरून विचारलं, "काऊन जी, विहीर खोदून राह्यले का?"

"विहीर नाई, समुद्र खोदून राह्यलो," बाबा म्हणाले.

टाकं जेमतेम आईच्या गळ्याइतकं खोल. पाणी बदललं की जुनं पाणी मागच्या धानाच्या बांधीत, भाताच्या खाचरात, सोडायचे. आईने तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. माझा जुना सलवार-कमीज घालून ती उतरली आणि बाबांचं मनगट असं धरलं, की त्यावर नखं उमटली.

"आंग ढिलं सोड. पाणी तुले उचलते," बाबा तिच्या पाठीखाली हात धरून सांगायचे. कितीतरी दिवस पाण्याने तिला उचललं नाही. मग एका सकाळी बाबांनी हळूच हात काढून घेतला आणि ती डोळे मिटून तरंगत राहिली. तिला कळलंच नाही. मी तेव्हा माहेरी आलेली, चहा घेऊन दारात उभी होते. बाबांनी ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं.

बाबा गेल्यावरही ती पोहत राहिली. पण एवढं घर एकटीला झेपेना. शेवटी तिनेच ठरवलं, घर विकून चंद्रपूरला माझ्याकडे यायचं.

पहिले आलेले गृहस्थ टाक्याकडे बघून म्हणाले, "हे बुजवून टाकू. गाडी ठेवाले जागा होईल." आईने त्यांना चहा पाजला आणि ते गेल्यावर म्हणाली, "याले नाई द्यायचं."

"आई, विकल्यावर घर त्यांचं. ते काहीही करतील."

"करू दे ना. पण मले सांगून नाई."

मग गोंडपिपरीहून बदली होऊन आलेली एक नर्स नवऱ्याबरोबर आली. खोल्या बघून झाल्या तरी ती टाक्यापाशीच घुटमळत होती. "बाई, तुम्हाले पोहता येते?" तिने विचारलं.

आई आत गेली, कपडे बदलून आली आणि आम्हा सगळ्यांच्या देखत पाण्यात शिरली. मान वर काढून, संथपणे, या काठावरून त्या काठाला. नर्सचा नवरा ओशाळून आंब्याच्या झाडाकडे बघत राहिला. तिने मात्र चपला काढून पाय पाण्यात सोडले.

"मले जमंल का जी, या वयात?"

"माझ्या पोरीचं लगन झालं होतं, तवा शिकली मी," आई म्हणाली.

घर त्यांनीच घेतलं. आमची बांधाबांध चालली होती तेव्हा ती नर्स ड्यूटी संपवून रोज यायची. मी भांडी खोक्यात भरत असायचे आणि मागून आईचा आवाज यायचा, "पाय मार, पाय!" निघायच्या दिवशी ट्रक दारात उभा, हमाल खोळंबलेले आणि आई अजून पाण्यातच. मी बोलवायला गेले. नर्स काठ सोडून थोडी पुढे आली, नाकातोंडात पाणी गेलं आणि खोकत खोकत ती आईच्या गळ्यात पडली. दोघी अशा हसत सुटल्या, की मीही टॉवेल घेऊन तिथेच बसले.