पाठीमागचा चेहरा

बायको गेल्यापासून माझ्या तोंडाकडे बघणारं कुणी उरलं नव्हतं. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो. मुलगा पुण्याला, व्हिडिओ कॉलवर तो बोलता बोलता दुसरीकडेच बघतो. तेव्हा म्हटलं, आपणच आपल्याकडे बघावं. तुरीच्या वाळक्या तुऱ्हाट्या डब्यात कोंडून चुलीत भाजल्या, कोळसा केला. शाळेतले खडू होतेच. टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून आरशासमोर बसलो आणि स्वतःला काढलं. गालांचे खड्डे कोळशानं, डोळ्यांतली चमक खडूनं. चमक जरा उसनीच होती.

संध्याकाळी शेजारच्या बाई विरजण मागायला आल्या.

"सर, हे तुमीच काय? एवढे रागावले काऊन?"

"चेहराच तसा आहे."

"मंग मले द्या. सकाळी मोहा वेचाले जातो. वाकलं का मांगून वाघ येते."

आमच्याकडे मोहफुलं वेचणाऱ्या बाया डोक्यामागे मुखवटा बांधतात. माणूस आपल्याकडे बघतोय असं वाटलं की वाघ म्हणे कचरतो. बाईंचा जुना मुखवटा फाटला होता. मला रागच आला. इतकं खपून चित्र काढावं आणि यांना बुजगावणं हवं! पण नाही म्हणवेना. माझ्याशिवाय त्या चित्राकडे पहिल्यांदाच कुणीतरी बघत होतं. पुठ्ठा कडेनं कापला, सुतळी ओवून दिली.

सकाळी त्या जंगलात गेल्या आणि मला आठवलं, वरून पेजेचं पाणी मारायचं राहिलं! त्याशिवाय कोळसा पक्का बसत नाही, घामानं पुसला जातो. पुसलेल्या तोंडाला वाघ काय भीक घालणार? जीव टांगणीला लागला. चहा केला, तो तसाच गार झाला. किती वर्षांनी मी कुणाची तरी वाट बघत दारात बसलो होतो.

उन्हं चढल्यावर त्या आल्या, डोक्यावर टोपली. पुठ्ठा माझ्या हातात दिला. डोळे पार गेले होते, नुसता काळा डाग उरला होता.

"बाई, तुम्हाला काही..."

"काई नाई झालं. वाकतानी मनात म्हनत होतो, सर पाहून राह्यले. उद्या पक्का काढून द्या."

त्या गेल्यावर भाताची पेज गाळून ठेवली आणि आरसा पुन्हा उजेडात आणला. मोहाचा हंगाम थोडाच असतो. तेवढे दिवस तरी माझ्या तोंडाची कुणाला गरज होती.