गळ्यातली पाटी
परवा किल्लीला बांधलेली लाकडी पट्टी हातात आली आणि घाम लागलेल्या लाकडाचा तो जुना वास आला. रत्नागिरीच्या आमच्या इंग्रजी शाळेत मराठी बोलताना सापडणाऱ्याच्या गळ्यात अशीच पाटी पडायची. दुसरा कुणी मराठीत बोलला की ती त्याला द्यायची. शाळा सुटताना ती ज्याच्याकडे असेल त्याला सगळ्यांसमोर उभं करत. तिसरीत असताना एकदा ती माझ्या गळ्यात होती. पालीहून नवीन आलेली एक मुलगी शाळेच्या दगडी कुंपणाच्या गडग्यापाशी एकटी रडत होती. मी पाटी फ्रॉकच्या आत लपवली, तिच्याजवळ बसले आणि हळूच विचारलं, "व्हाय आर यू क्रायिंग?" ती मुसमुसत म्हणाली, "आई मुंबैला गेली गो बाबांकडे. मला नाय नेलंन." मी पाटी काढून तिच्या गळ्यात घातली. तिचं रडणं थांबलं. "तू विचारलंस म्हणून सांगितलं," एवढंच ती म्हणाली. संध्याकाळी ती सगळ्यांसमोर उभी असताना, पाटी कुणी दिली ते बाईंनी खोदून विचारलं, तरी तिने माझं नाव घेतलं नाही. पुढे वर्षभर ती वर्गात कुणाशीच बोलली नाही. आजही कुणी रडताना दिसलं की मी जवळ जाऊन बसते, पण काय झालं ते विचारायचं धाडस मला होत नाही.