येर्बाच्या फेरीतली तिसरी

एल्सिराच्या अंगाला बांगड्याचा वास येतो, असं तिच्या लग्नातही लोक म्हणाले होते. आता नवरा जाऊन कैक वर्षं झाली, तरी म्हणतातच. तिला त्याचं काही वाटत नाही. समुद्री प्राण्यांचे खेळ दाखवणाऱ्या किनाऱ्यावरच्या बागेत मासळी चिरून चिरून तिने मुलगी शिकवली, घरावर नवे पत्रे घातले आणि मालेनला वाढवलं. मालेन म्हणजे टाकीतली ऑर्का, काळा-पांढरा शिकारी देवमासा. पिल्लू असताना ओहोटीला वाळूत अडकली, तेव्हा तिच्यावर ओली पोती टाकणाऱ्यांत एल्सिरा होती. फाटकाशी कधीमधी पोरं फलक धरून उभी राहतात, तिला समुद्रात सोडा म्हणतात. एल्सिरा त्यांच्याशी वाद घालत नाही. "मलाही टोचतं रे," एवढंच म्हणते आणि आत जाऊन सुरीला धार लावते.

पण सकाळी तिच्याइतकं सुखी माणूस गावात सापडायचं नाही. थंडीत खेळ बंद असतात. टाकीच्या कठड्याशी ती आणि मालेनला शिकवणारा ओस्वाल्दो येर्बा, म्हणजे कडू पाल्याचा गरम चहा, पीत बसतात. पेल्यासारखा पोकळ भोपळा एकच, ओढायची नळी एकच, आणि गरम पाणी ओतणारी एल्सिरा. पहिला घोट तिचा, दुसरा ओस्वाल्दोचा. तिसऱ्याला मालेन कठड्यावर हनुवटी टेकते आणि तिला जेलीचा तुकडा मिळतो. गोठवलेल्या मासळीत पाणी कमी असतं, म्हणून जेली तिला हवीच.

यंदा राजधानीतून लुसिला नावाची प्राण्यांची तरुण डॉक्टर आली. पाहुणीला ताटकळत कसं ठेवायचं? एल्सिराने तिसरा घोट तिला दिला आणि जेली मासळीच्या बादलीत टाकली. रोज तसंच होऊ लागलं. त्याच आठवड्यात मालेनने खाणं सोडलं. छातीत कफ झालेला, औषध बांगड्याच्या कल्ल्यात भरलेलं, आणि बाईसाहेब तोंड उघडायला तयार नाहीत.

"रुसलीय," ओस्वाल्दो म्हणाला. "माझ्या सासूसारखी."

"तुझी सासू रुसली तरी चार माणसांचं जेवायची!"

लुसिला हसली नाही. "एल्सिराबाई, उद्या घशात नळी घालावी लागेल. त्यानेही वाचेलच असं नाही."

एल्सिराने सवयीने दुसरा घोट ओस्वाल्दोला दिला आणि तिसरा भरला. तेवढ्यात मालेनची हनुवटी वर आली. भोपळा लुसिलाच्या हातात गेला, तशी मालेन पुन्हा पाण्यात गेली.

"अगं बाई!" एल्सिराने लुसिलाच्या हातातून भोपळा हिसकावलाच. पाहुणीच्या हातातून! ओस्वाल्दो बघतच राहिला. तिने बादलीतून जेली काढली आणि पाण्यावर वाकली. "ये गं माझे राणी. चुकलंच माझं."

मालेन आली. जेली घेतली. मग एक बांगडा, मग दुसरा, औषधासकट. एल्सिरा बाहीने डोळे पुसत राहिली.

"माझं काय चुकलं?" लुसिलाने हळूच विचारलं.

"तुझं नाही पोरी, माझंच. या टाकीत तिच्या जातीचं कोणी नाही. आम्ही दोघंच तिची माणसं, आणि मीच तिला पंगतीतून उठवलं."

लुसिला आपलं स्टूल उचलून मालेनच्या पलीकडे, चौथ्या जागेवर जाऊन बसली.