फुगा वर जाईना

सांगलीतल्या कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत मी वाचाशिक्षिका होते, तेव्हाची ही गोष्ट. नव्वदचं दशक संपत आलं होतं. शाळेला नुकताच एक कॉम्प्युटर मिळाला होता. संस्थेचे एक विश्वस्त साताऱ्याचे. त्यांनी तिथल्याच एका दुकानातून तो घेऊन दिला होता आणि सोबत एक सीडी. त्या सीडीत मुलांना बोलायला शिकवणारे खेळ होते. आम्हा सगळ्यांचा आवडता खेळ फुग्याचा. माइकसमोर आवाज काढला की पडद्यावरचा लाल फुगा वर जायचा, आवाज थांबला की हळूहळू खाली यायचा. ज्यांना स्वतःचा आवाज कधीच ऐकू येणार नव्हता, त्यांना तो निदान दिसत होता.

माझ्या वर्गात आठ वर्षांची एक मुलगी होती, पाटणच्या वरच्या अंगाच्या एका गावची. वडील फौजेत, आई शेतीवर. शाळेत आली तेव्हा ती नुसते ओठ हलवायची, घशातून काहीच यायचं नाही. मी तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवून 'बा' म्हणायचे आणि मग तोच हात तिच्या गळ्यावर ठेवायचे. असं सहा महिने चाललं. एके दिवशी फुगा टुणकन वर गेला. तिनं मागं वळून पाहिलं, की दुसरं कोणी बोललं की काय. कोणी नव्हतं. त्या दिवसापासून मधल्या सुट्टीतही ती कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर उभी असायची.

तिच्या आईचं पत्र आलं, की वडील पुढच्या महिन्यात सुट्टीवर येताहेत आणि पोरीला भेटायला थेट सांगलीला उतरणार आहेत. मी ठरवलं, तोपर्यंत 'बाबा' बसवायचं. प, ब, म ही अक्षरं ओठांवर दिसतात, त्यामुळं या मुलांना ती आधी येतात.

आणि नेमक्या त्याच दिवसांत मी तो उद्योग केला. कॉम्प्युटर सारखा अडकायला लागला होता. कुणाच्या तरी फ्लॉपीतून व्हायरस आला असणार. मी कराडला तीन महिन्यांचा कोर्स केलेला, त्यामुळं शाळेत त्यातली जाणकार मीच. एका शनिवारी सगळं पुसून काढलं आणि विंडोज नव्यानं टाकली. खेळांची सीडीही पुन्हा चढवली. पडद्यावर सगळं पूर्वीसारखं दिसायला लागलं. मी खूश होऊन खोलीला कुलूप लावलं. चालू होताना कॉम्प्युटर एक छोटी धून वाजवायचा, ती वाजली नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही. आमच्या शाळेत कुठली गोष्ट वाजली नाही म्हणून कोण विचारणार?

सोमवारी ती मुलगी खुर्चीत बसली. माइक जवळ ओढला आणि म्हणाली, "बा."

फुगा जागचा हलला नाही.

तिनं पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं, मानेच्या शिरा ताणून. मी वायर काढून परत घातली, स्पीकरचं बटण फिरवलं. मी खाली वाकून हे करत होते तेवढ्यात तिचं 'बा' बंद झालं. वर पाहिलं तर ती दोन्ही हातांनी आपला गळा चाचपत होती. मला कळेपर्यंत थोडा वेळ गेला. तिला वाटत होतं, तिचाच आवाज गेला.

"नाही बाळा, आवाज आहे तुझा," मी तिच्यासमोर तोंड धरून सावकाश म्हटलं. ओठांवरून तिला 'आवाज' एवढं कळलं असेल, बाकी काही नाही. तिचा हात मी तिच्या गळ्यावर ठेवला आणि 'बा' म्हणायची खूण केली. तिनं मान हलवली. तोंड उघडलंच नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

त्या काळी आमच्या शाळेत वर्गात हातवारे करायला बंदी होती. मुलं हातांनी बोलायला लागली तर तोंडानं बोलणार नाहीत, असं आम्हाला शिकवलेलं, आणि माझा त्यावर पक्का विश्वास. पण वसतिगृहात दिवे लागले की मुलं हातांनीच बोलायची, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मंगळवारी दुपारी मी साताऱ्याच्या त्या दुकानाला फोन लावला. दुकानदार फौजेत सिग्नलला, म्हणजे वायरलेसवर होते, तिथून निवृत्त होऊन त्यांनी दुकान टाकलं होतं.

"आवं बाई, साऊंड कार्डाचा ड्रायव्हर न्हाई टाकला तुमी," ते लगेच म्हणाले. "कार्ड हाय जागेवर, पर त्याच्याशी बोलायचं कसं, ते विंडोजला कुनी सांगायचं? त्यो प्रोग्रॅम येगळा टाकावा लागतो. त्याची फ्लॉपी दिली हुती बगा."

फ्लॉपी कुठं गेली कोणालाच ठाऊक नव्हतं. कदाचित मीच कोरी समजून तिच्यावर प्रश्नपत्रिका उतरवली असेल.

"मग डबा उघडा, कार्ड काढा. वरच्या काळ्या चिपवर नंबर आसंल, त्यो वाचून सांगा. मेन बटण बंद करून बरं का!"

मी त्या मुलीला सोबत घेऊन बसले. स्क्रू काढले, झाकण बाजूला केलं, धुळीतून ते हिरवं कार्ड उपसून टेबलावर ठेवलं. मग खोलीचं दार लोटलं आणि जे कधी करायचं नाही असं ठरवलं होतं ते केलं. कॉम्प्युटरकडं बोट दाखवलं. त्याचा गळा असावा तसं ते कार्ड हातात धरलं. मग कपाळावर पालथा हात ठेवून डोळे मिटले. आजारी. तिच्या गळ्याला हात लावला आणि हसून मान डोलावली. तुझा चांगला आहे.

ती माझ्याकडं बघतच राहिली. बाईंना हातांनी बोलता येतं, याचंच तिला आश्चर्य जास्त वाटलं असावं. मग तिनं कार्ड घेतलं, उलटंसुलटं केलं आणि हात भराभर हलवायला लागली. मला निम्मंही कळलं नाही. मी खूण केली, सावकाश. मग तिनं कार्डाकडं बोट दाखवून दंडावर सुई टोचल्यासारखं केलं आणि भुवया उंचावल्या. ह्याला इंजेक्शन द्यायचं का?

हो, म्हटलं. तेच आणायला जायचंय.

चिपवरचा नंबर मुंगीएवढ्या अक्षरांत होता. मी तो वहीत लिहून घेतला आणि फोनवर वाचून दाखवला. दुकानदार म्हणाले, असा नंबरच नसतो. तेव्हा मी वही आणि कार्ड तिच्यापुढं ठेवलं. तिनं कार्ड उजेडाला तिरपं धरलं आणि माझ्या वहीतला पाच खोडून तिथं इंग्रजी एस काढला. या खेपेला पलीकडून उत्तर आलं, "आता जमलं. शुक्रवारी या, फ्लॉपी तयार ठेवतो."

शुक्रवारी रजा टाकून एसटीनं साताऱ्याला गेले. उंब्रजला माझं माहेर, पण जाताना उतरले नाही. पोवई नाक्याजवळ दुकान. दुकानदारांनी दोन फ्लॉप्या दिल्या.

"दोन कशाला?"

"एक वाचली न्हाई गेली तर? फौजेत आमी कुटलीबी चीज एकच घिऊन जात नसतो." मग त्यांनी विचारलं, "पर बाई, ऐकू न येनाऱ्या पोरास्नी आवाज कशाला लागतोय?"

मी फुग्याचं सांगितलं. गळा चाचपणाऱ्या मुलीचंही. माझ्यासाठी मागवलेला चहा गार होत होता तो त्यांनी माझ्यापुढं सरकवला आणि एका कागदावर काय काय करायचं ते क्रमानं लिहून दिलं, बाळबोध, मोठ्या अक्षरांत.

शनिवारी सकाळी ती माझ्याआधी खोलीपाशी हजर. कार्ड परत बसवलं. पहिली फ्लॉपी घरघर करून खरंच अडली. दुसरी चालली. मी सिस्टीमच्या यादीत पाहिलं, आठवडाभर तिथं बसलेलं बिघाडाचं पिवळं उद्गारचिन्ह गेलं होतं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला आणि ती धून वाजली. मी दचकलेच. तिचा तळहात घेऊन स्पीकरच्या जाळीवर ठेवला आणि धून पुन्हा वाजवली. तिचे डोळे मोठे झाले. मग तिनं माइक जवळ ओढला आणि पाच दिवसांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"बा."

फुगा खालीच. तिचा हात गळ्याकडं निघाला होता. मी तो मध्येच धरला, कॉम्प्युटरकडं बोट दाखवलं आणि कपाळावर हात ठेवला. हाच अजून आजारी आहे. तिनं वैतागून डोळे फिरवले. पण गळ्याला हात लावला नाही.

मी पुन्हा फोन लावला.

"आवाज आला का? झ्याक!" दुकानदार म्हणाले. "आन माइक न्हाई? वायरलेसच्या सेटावानी असतंय बाई, ऐकायची बाजू येगळी आन बोलायची येगळी. तुमी ऐकायची चालू केली. घड्याळाच्या शेजारी स्पीकरचं चित्र हाय, त्यातनं रेकॉर्डिंगची खिडकी काढा, तितं माइकच्या खाली खूण करा."

खिडकी सापडली. माइकच्या खालचा चौकोन रिकामा होता. त्यात बरोबरची खूण केली आणि तिच्याकडं पाहिलं.

तिनं श्वास घेतला. फुगा वर गेला, पार पडद्याच्या काठाला टेकला, आणि तिचा दम संपेपर्यंत तिथंच राहिला.

वडील पुढच्या गुरुवारी आले. उंच, उन्हानं रापलेले, हातात ट्रंक. ती पळत गेली आणि त्यांच्यासमोर उभी राहून 'बाबा' म्हणाली. पहिला 'बा' स्पष्ट, दुसरा नुसता 'आ'. ते तिथंच ट्रंकेवर बसले.

"लय मोठ्यानं बोलती की," ते मला म्हणाले, आणि रुमालानं तोंड पुसत राहिले. मग मुलीनं त्यांच्या गुडघ्याला धरून हातांनी काहीतरी लांबलचक सांगायला सुरुवात केली. कार्ड, सुई, माझा फोन धरायचा ढंग, सगळं त्यात होतं. "काय म्हनती, बाई?" त्यांनी विचारलं. मी जमेल तसं मराठीत सांगत गेले. चुकले की ती माझा हात धरून पुन्हा करून दाखवायची.

पुढं तिचं बोलणं फार वाढलं नाही. पंधरावीस शब्द, तेही घरच्यांना कळतील असे. ती शिवण शिकली, पाटणला स्वतःचं दुकान टाकलं. आपल्या मुलांशी ती हातांनीच बोलते.

त्या शनिवारनंतर मी मोठ्या बाईंकडं गेले आणि म्हटलं, वर्गात थोडे हात वापरू द्या. त्यांनी समोरची फाईल मिटली.

"दार लावून घेत जा," त्या म्हणाल्या.